बसवायची अंडी, खायची अंडी

४ एप्रिल, शनिवार. सकाळपासून पडवीतल्या चुलीवर कांद्याची सालं उकळत ठेवली आहेत. घरातल्या गॅसवर उकळली की दोन दिवस घरभर कांदाच होतो, म्हणून पडवी. सालं महिनाभर साठवलेली आहेत, काही घरची, बरीचशी दवाखान्यासमोरच्या खाणावळीतून पिशवी भरभरून आणलेली. पाणी आधी पिवळं होतं, मग चहासारखं, मग जुन्या विटेसारखं. त्या रंगाला आलं की अंडी सोडायची. त्याआधी प्रत्येक अंड्यावर कोथिंबिरीचं पान ओलं करून चिकटवायचं आणि वर जुन्या धोतराची चिंधी गच्च बांधायची. उकडून झाल्यावर चिंधी सोडली की तांबूस टरफलावर पानाची फिकट नक्षी उमटलेली असते. उद्या ईस्टर. पहाटेची उपासना झाली की ही अंडी दारोदार जातील.

शेजारी दुसरी टोपली आहे. तिच्यातली अंडी कच्ची आहेत. त्यांना पाणी नाही, रंग नाही, फक्त कोळशाची एक रेघ. ही टोपली चुलीपासून लांब, ओल्या पोत्यावर ठेवायची असते. दोन टोपल्यांची अदलाबदल होता कामा नये. आमच्या गावात ईस्टरच्या आदल्या दिवशी एवढी एकच गोष्ट जपावी लागते, बाकी सगळं आपोआप होतं.

ईस्टरच्या शुभेच्छा म्हणून फोनवर चित्रं येतात. हिरवळ, ससे, पांढरी फुलं, धुक्यातलं चर्च. ती मी बघते आणि पुढे पाठवते, कारण न पाठवल्यास लोक रागावतात. बीड जिल्ह्यात ईस्टर येतो तेव्हा बांधावरचं गवतसुद्धा जळून गेलेलं असतं. नळाला पाणी चार दिवसाआड. दुपारी पत्र्यावर हात ठेवला तर फोड येईल. पण त्याच दिवसांत कडुनिंब मोहरतो आणि पिंपळाला तांबडी कोवळी पानं फुटतात. पाऊस नाही, ओल नाही, तरी फुटतात. नवीन जीव म्हणजे हिरवळच, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्याकडचा चैत्र पाहिलेला नाही.

मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. अंडी वाटायची रीत माझ्या सासूबाईंनी माहेराहून आणली आणि इथे रुजवली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ईस्टरला चर्चच्या मंडळीतल्या मंडळीत चहा व्हायचा आणि लोक घरी जायचे. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी टोपली डोक्यावर घेतली आणि साऱ्या गल्लीत फिरल्या. मराठा, मुसलमान, बौद्ध, दार कुणाचं हे पाहिलं नाही. लोक दिवाळीचा फराळ आणून देतात, ईदचा शीरखुर्मा येतो, आपलं काय जातं, तर अंडी, असा त्यांचा सरळ हिशेब.

कांद्याचा वास असा नाकात गेला की मला तो एक उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणजे गहिवर वगैरे नाही. हसू येतं, आणि जिंकल्यासारखं वाटतं.

त्या उन्हाळ्यात बाजारात कोथिंबीर नव्हती. उन्हाने सगळी करपली होती, दवाखान्यातही ऊन लागलेल्यांची रांग होती आणि मला दुहेरी ड्यूटी पडत होती. तेव्हा सासूबाईंनी एकटीनेच अंडी रंगवली. पान नाही, नक्षी नाही, नुसता तांबूस रंग. चांगल्या गावरान कोंबडीने घातलेलं ताजं अंडं जसं दिसतं, अगदी तसा.

त्याच वर्षी आमच्या शेजारी नवं बिऱ्हाड आलं होतं. गयामावशी धर्मापुरीकडच्या. धनगर घर, मेंढरं, दोन मुलगे, सुना. मावशींनी नारायणगडावर तुळशीची माळ घातलेली. स्वतः अंडं-मटण शिवत नव्हत्या, पण कोंबड्या पाळायच्या, कारण घरात खाणारे होते. माळ पदराखाली असायची. सासूबाईंना ती दिसली नाही. नवं घर म्हणून त्यांनी एक-दोन नाही, चांगली नऊ अंडी गयामावशींच्या पदरात घातली. "आमचा सण हाय," एवढंच बोलल्या आणि पुढच्या दाराला गेल्या. गयामावशींनी ती कपाळाला लावून घेतली.

तीन आठवडे गेले. मी ड्यूटीवरून येऊन कपडे भिजवत होते तेव्हा कुंपणापलीकडून हाक आली.

"शिस्टर, भायेर ये."

गयामावशींच्या हातात सूप होतं. सुपात अंडी, त्यातलं एक फोडलेलं.

"ह्ये काय हाय?"

"अंडं आहे."

"त्ये मलाबी दिसतंय. आत बघ."

आत पिवळं बलक खडूसारखं कोरडं पडलेलं, कडेने हिरवट. वास असा की दवाखान्यात इतकी वर्षं काढूनही मी तोंडाला पदर लावला.

"उकडलेलं आहे, मावशी."

"कुनी उकडलं? माज्या कोंबडीनं?"

मग सगळं बाहेर आलं. मावशींनी ती अंडी त्याच दिवशी खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. कोंबडी बिचारी इमानदारीने बसली. दाण्याला उठेना, पाण्याला उठेना, वाळून चिपाड झाली. आणि आमची अंडी जशीच्या तशी.

"अहो, ती खायला दिली होती," मी म्हणाले.

मावशींनी पदर बाजूला केला आणि माळ पुढे ओढली. "ही काय गंमत म्हनून घातलीया? माळकरनीला कुनी खायाला अंडी देतं का? म्यां म्हनलं, नवं बिऱ्हाड हाय, शेजारनीनं बसवाया दिली. आमच्यात तसंच देत्यात. नव्या घरात आदी शेजारनीची अंडी फुटाया पायजेत."

त्यांचं बरोबर होतं आणि आमचंही बरोबर होतं. दोन बरोबर गोष्टी एकमेकींवर आपटल्या की आवाज मोठा होतो.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. सूप बघून त्यांना कळलं. गयामावशी त्यांच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं, "आक्का, आता तुमच्या हातचं मला काय बी नगं. सुतळीचा तोडा बी नगं."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पारासमोर बबनचं चहाचं हॉटेल आहे. सासूबाई तिथून जाताना तो गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय आक्का, तुमचा देव तिसऱ्या दिशी उठला म्हनतेत. अंडी तीन हप्ते झाले तरी उठंनात व्हय?"

बाकावरचा एकजण म्हणाला, "उकडल्यालं कसं उठंल बे?" आणि सगळे हसले.

सासूबाई घरी आल्या. रंगवायचं पातेलं घासलं, पुसलं आणि माळ्यावर पालथं टाकलं. "बास. आता अंडी बंद. पुढच्या वर्षीपास्नं खोबऱ्याच्या वड्या वाटू."

खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीने वड्या सोप्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंबड्यांना दाणे टाकले नाहीत. तिसऱ्या दिवशीही मीच टाकले. ज्या बाईने अख्ख्या गावाची दारं एका टोपलीने उघडली होती ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. नर्सला रडणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही, गप्प बसलेल्याची वाटते.

दवाखान्यात काही बिघडलं तर आम्ही कुणाचं चुकलं याची चर्चा नंतर करतो. आधी बघतो की आत्ता हातात काय शिल्लक आहे. मी गयामावशींकडे गेले. आत बोलावलं नाही, म्हणून बाहेरूनच विचारलं.

"मावशी, कोंबडी उठली का?"

"न्हाई. रिकाम्या डालग्यात बसलीया. येडी मेली."

"मग तिच्याखाली दुसरी अंडी ठेवू."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मलाच ऊन लागलंय. "वैशाख हाय, शिस्टर. वैशाखात कुनी बसवतं का? उन्हानंच शिजतेत अंडी. पुन्यांदा उकडल्याली काढू का म्यां?"

"सावली आणि गारवा माझ्याकडे. अंडी आमच्या खुराड्यातली, कच्ची. निघाली तर पिलं तुमची. नाही निघाली तर आम्ही परत कधी तुमच्या दारी सण घेऊन येणार नाही."

"आन माजी कोंबडी मेली तर?"

"तर आमची तांबडी तलंग कोंबडी तुमची."

गयामावशींनी मिश्रीचं बोट दातावरून फिरवलं. थुंकल्या. "आन बघू," म्हणाल्या.

आता अंडी गोळा करायची. उन्हाळ्यात कोंबड्या कमी घालतात, आणि बसवायला ताजीच लागतात. आमची काही, मंडळीतल्या दोन घरांतली काही. एकेक अंडं पाण्यात सोडून बघत होते. तळाला आडवं पडलं तर ताजं, टोक वर करून उभं राहिलं तर नको. सासूबाई खाटेवरून बघत नसल्याचं दाखवत होत्या. शेवटी राहवलं नाही.

"त्ये लांबुळकं घेऊ नगं."

तीन दिवसांतलं त्यांचं पहिलं वाक्य. मी लांबुळकं बाजूला ठेवलं. त्यात काही दोष होता असं नाही, पण ठेवलं. अकरा अंडी जमली.

गयामावशींच्या मेंढवाड्याच्या कडेला निंबाचं झाड होतं. त्याच्या बुडाशी खड्डा खणला आणि फुटक्या रांजणाचा खालचा अर्धा भाग त्यात काठापर्यंत पुरला. भोवती ओली वाळू, आत कोरडा भुसा, भुशाखाली पिसवा होऊ नयेत म्हणून निंबाचा पाला. वर बांबूचं डालगं, डालग्यावर भिजवलेलं पोतं. कोंबडी उचलून ठेवली तेव्हा ती माझ्या हाताला कडकडून चावली. मला बरं वाटलं. जी चावते तिच्यात दम असतो, पेशंटचंही तसंच असतं.

पोतं दुपारी तीनदा भिजवावं लागणार होतं. दुपारी मी दवाखान्यात. तिथेही तेच काम होतं, ओल्या चादरी, पंखा, घोट घोट पाणी. गयामावशी मेंढरांमागे. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, दुपारचं पाणी तुमच्याकडे."

"ती मला दारात हुबी करनार न्हाई."

"दारात नाही जायचं. निंबाखाली जायचं."

गेल्या. पहिले दोन दिवस कळशी ओतून लगेच परत आल्या. तिसऱ्या दिवशी कोंबडी दाणा खाईपर्यंत थांबल्या. पुढच्या आठवड्यात गयामावशींनी मेंढरं थोरल्याकडे सोपवली आणि त्याही दुपारी तिथेच बसू लागल्या. राखण करायला, असं म्हणायच्या. कुणाची राखण, ते मी विचारलं नाही.

अंड्यांत जीव धरला की नाही, हे आठवड्याने उजेडात धरून कळतं. उजेड बॅटरीचा आणि भोवती गच्च अंधार हवा. त्या आठवड्यात मला रात्रपाळी होती. म्हणून भर दुपारी, बेचाळीस अंश असेल, आम्ही तिघी गोधडी पांघरून बसलो. मी बॅटरी लावली आणि अंडं तिच्यावर धरलं. आतून लाल झालं. लाल जाळं, कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेघा, मध्ये काळा ठिपका.

"हालतंय का गं त्ये?" गयामावशी कुजबुजल्या. गोधडीत कुजबुजायची काही गरज नव्हती.

हलत होतं. सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की संध्याकाळपर्यंत वळ होता. दोन अंडी स्वच्छ निघाली, आत काहीच नाही. ती काढली. राहिली नऊ.

एका रविवारी मी घरी होते. निंबाखालचं बोलणं कुंपणावरून ऐकू येत होतं.

"आक्का, एक इचारू? तुमी उकडता कावून?"

"उपासाचे चाळीस दिस असत्यात आमचे. माज्या माहेरी तवर अंड्याला शिवत नव्हते. पन कोंबडी काय उपास करती? ती घालतीच. मंग साठत्यात. उकडली म्हंजी टिकत्यात. टरफल म्हंजी प्रभूची कबर. सनाला त्ये फोडायचं आन म्हनायचं, प्रभू उठला."

"फोडतं कोन?"

"आपन. पोरं."

"भायेरनं?"

"मंग कुटनं?"

"मंग तो कसा उठला? त्याला तुमीच काढला की."

मला वाटलं, गेलं, पुन्हा सुतळीच्या तोड्यावर आलं. मग सासूबाईंचा आवाज आला, "माळ घालून कोंबड्या पाळतीस, तुला कुनी इचारलं का?"

आणि दोघी अशा हसल्या की कोंबडी फडफडली.

हा प्रश्न मी नंतर पुष्कळदा मनात घोळवला. माझं शास्त्राचं वाचन फार नाही. पण बाळंतपणं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि एवढं सांगू शकते की बाहेरच्याने करायचं काम फार थोडं असतं. जागा करायची, गारवा-ऊब राखायची आणि हात आवरायचे. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

रोहिणी नक्षत्र लागलं त्या दिवशी मी दवाखान्यातून आले ती थेट निंबाखाली. डालगं उचललेलं होतं. कोंबडीच्या पंखाखालून चिवचिव येत होती. पाच बाहेर आली होती, अंगं ओली, डोळे मिचमिच. तीन अंड्यांना भोकं पडलेली. त्यातल्या एकाचं पिलू अडकलं होतं. गरम वाऱ्याने आतला पडदा सुकून त्याच्या अंगाला चिकटला होता. चोच हलायची, थांबायची, पुन्हा हलायची.

सासूबाईंचा हात पुढे गेला. नखाने टरफल सोलायला एक क्षण लागला असता. गयामावशींनी तो हात धरला. "काड हात. रगत जाईल त्येचं. आतनंच येऊ दे."

त्या सासूबाईंशी 'तुमी' सोडून बोलल्या ती ही पहिली वेळ.

मी कोमट पाण्यात फडकं पिळून अंड्याभोवती ठेवलं. पडदा मऊ पडावा, एवढंच. मग आम्ही हात मांडीवर ठेवून बसलो. सासूबाईंचे ओठ हलत होते. गयामावशींच्या बोटांत माळेचे मणी. मी नुसती बघत होते, कुणीतरी बघायला हवंच. ऊन निंबाच्या खोडावरून खाली उतरलं तेव्हा टरफलाची टोपी उचलली गेली आणि ते पिलू भुशात तोंडावर आपटलं. मग उठून उभं राहिलं.

"उठलं गं बाई!" ही हाक गयामावशींची होती, आमच्यापैकी कुणाची नव्हे. मेंढवाड्यापलीकडच्या वस्तीवरून बायका धावत आल्या, त्यांना वाटलं काही झालं.

नऊपैकी आठ निघाली. एक टरफलातच गेलं. भर उन्हाळ्यात आठ.

पिलं सुकून टुणटुणीत झाली तशा सासूबाईंनी गयामावशींकडून कोंबडीसकट डालगं मागून घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि निघाल्या. सगळी गल्ली मागे. गयामावशीही मागे. बबनच्या हॉटेलासमोर डालगं उतरवलं.

"बबन, भायेर ये."

तो फडक्याला हात पुसत आला.

"मोज."

"आक्का, गंमत केलती म्यां..."

"मोज."

त्याने मोजली. "आठ हाईत."

"उठली का न्हाई?"

"उठली की. पन ही कच्ची व्हती ना..."

"उठली का न्हाई?"

"उठली, आक्का."

"बाकावरच्यास्नी ऐकू गेलं न्हाई."

"उठलीऽऽ!" बबन ओरडला, आणि आता हसणारे त्याला हसत होते. त्याने दोघींना चहा दिला. सासूबाईंनी पहिला घोट घेऊन कप परत केला. "साकर टाक. सन हाय."

पावसाळ्याआधी पातेलं माळ्यावरून खाली आलं.

आज सासूबाई नाहीत. पण पुढच्याच ईस्टरपासून त्यांनी दोन टोपल्या सुरू केल्या त्या आहेत. खाणाऱ्यांना आणि पोरांना रंगवलेली, बसवणाऱ्यांना रेघेची. दरवर्षी रेघेची जास्त जातात. एकदा बाहेरगावच्या चर्चचे पाळक आले होते, त्यांनी विचारलं, "कच्चं अंडं? हे कुठल्या शास्त्रात आहे?" सासूबाई म्हणाल्या, "खुराड्याच्या." ते हसले आणि जाताना दोन घेऊन गेले.

हे लिहीपर्यंत दिवस कलला. गयामावशी आता आल्या आहेत. कंबर वाकली आहे, पण टोपली स्वतःच आणली, भरलेली. "यंदा तुज्या कोंबड्या रुसल्यात म्हनं. ही घे माजी."

मी बादली ओढली आणि पहिलं अंडं पाण्यात सोडलं.

"माज्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"विश्वास आहे, मावशी. पाणी पण आहे."

सगळी तळाला आडवी पडली. मावशी विजयाने बघत बसल्या आणि उठताना म्हणाल्या, "सकाळी हाक मार. म्यां बी येती."

रविवार, सकाळ. उपासना झाली, मेणबत्त्या विझवल्या आणि आम्ही दोघी टोपल्या घेऊन निघालो. पहिलंच दार नवं होतं. शाळेवर बदलून आलेल्या मास्तरांचं बिऱ्हाड, आठवड्यापूर्वीच उतरलेलं. त्यांची बायको दारात आली. मी सगळं नीट समजावायचं ठरवून तोंड उघडलं, "ताई, आज आमचा ईस्टर, म्हणजे असं की..."

गयामावशींनी माझ्या हातातली टोपली ओढली. गळ्यातली माळ पुढे लोंबत होती. "शिस्टर, तू सरक. तुला सांगाया येत न्हाई." मग त्या बाईकडे वळल्या. "ह्ये बघ, पोरी, ही नक्षीची खायाची. ही रेघंची बसवायची. घोळ घालू नगं. कोंबडी न्हाई? माजी खुडूक हाय, दुपारी आनून देती. ऊन लई हाय म्हनून भिऊ नगं. पोत्यावर पानी म्यां घालीन."

त्या बाईने पदर पसरला. मी त्यात आधी नक्षीची दोन ठेवली, मग कोळशाच्या रेघेची, एकेक करून, नऊ. आणि पुढचं दार वाजवलं.